फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, मोटरहोमने युटा-ॲरिझोनाचे कॅनियन आणि डोंगरातली जंगलं: दोघांच्या ट्रिपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ट्रिपबद्दल जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केलेत. सुरुवातीला साधे, पुढे पुढे किचकट. एकच गोष्ट दोनदा सांगण्यापेक्षा प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे बघा. रूट सगळीकडे एकच धरलाय: लास वेगासहून सीडर सिटी, सीडर ब्रेक्स, ब्राइस कॅनियन, हायवे १२, कॅपिटल रीफ, मोआब, मॉन्युमेंट व्हॅली, पेज, ग्रँड कॅनियनचा साउथ रिम (दक्षिणेकडची कड), शेवटी झायन आणि परत वेगास. आणि हो, या भागात नकाशावरच्या अंतराआधी उंची बघायची सवय लावा. रंग कधी येणार, पाणी कुठे गोठणार, डाळ किती वेळ शिजणार, सगळं तिच्यावर ठरतं.

१. मोटरहोम, आरव्ही, कॅम्परव्हॅन हे सगळं एकच का? आम्हा दोघांना केवढी गाडी पुरेल?

आरव्ही म्हणजे राहण्याची सोय असलेली कुठलीही गाडी, मागे जोडून ओढायचे ट्रेलरही त्यातच आले. मोटरहोम म्हणजे इंजिन आणि घर एकाच गाडीत. त्यात क्लास ए बसएवढी मोठी, क्लास बी म्हणजे उंच छताची व्हॅन, आणि क्लास सी म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंगाचा फुगवटा असलेली, रेंटलला सगळ्यात जास्त हीच मिळते. दोघांना २५ फूट किंवा त्याहून लहान गाडी भरपूर झाली. ३० फुटी घेतली तर आत ऐसपैस वाटतं पण नॅशनल पार्कच्या पार्किंगमध्ये आणि जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये जागा मिळेना होते, कारण त्या जागा गाड्या एवढ्या मोठ्या नव्हत्या तेव्हा आखलेल्या आहेत. निवडताना एक बघाच, मागे कायमचा पलंग हवा आणि दोन्ही बाजूंनी उतरता यायला हवं. भिंतीला लागून पलंग असेल तर रात्री एकाला उठायचं झालं की दुसऱ्याची झोप गेलीच म्हणून समजा.

२. फॉल कलर्ससाठी नक्की कुठली तारीख धरायची?

एक तारीख नाहीच, कारण रंग डोंगरावरून खाली उतरत येतो. ८ ते १० हजार फुटांवरचे ॲस्पेन वृक्ष सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा या काळात पिवळे होतात. खाली नदीकाठचे कॉटनवुड, म्हणजे कॅपिटल रीफ आणि मोआबचे, ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे, आणि झायन कॅनियनच्या तळातले तर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला.

त्यामुळे आमचं सगळ्यांना एकच सांगणं असतं, उंचावरून सुरुवात करा आणि रंगासोबत खाली या. सीडर ब्रेक्सची कड १० हजार फुटांच्या वर, बोल्डर माउंटनचा घाट साधारण ९,६००, ब्राइसची कड ८ ते ९ हजार, साउथ रिम ७ हजार, कॅपिटल रीफमधलं फ्रुटा ५,५०० च्या आसपास, मोआब आणि झायनचा तळ साधारण ४ हजार. बहुतेक लोक वेगासहून जवळ म्हणून झायन आधी उरकतात, तिथे झाडं हिरवीगारच असतात, आणि वर पोचेपर्यंत ॲस्पेनची पानं गळून गेलेली. ऑक्टोबरच्या अगदी पहिल्या दिवसांत निघून झायन शेवटी ठेवलंत तर दोन्ही रंग मिळायची शक्यता सगळ्यात चांगली. वर्षावर्षाला आठवडाभर इकडेतिकडे होतं, ते गृहीत धरा.

३. किती दिवस काढायचे? किती ड्रायव्हिंग होतं?

पूर्ण चक्कर १,३०० ते १,४०० मैलांची. १६ ते १८ दिवस मिळाले तर निवांत होते. दहाच दिवस असतील तर मोआब आणि मॉन्युमेंट व्हॅली सोडा, ब्राइसपासून कॅपिटल रीफपर्यंत जाऊन परत फिरा, उगाच सगळं गाठायच्या मागे लागू नका. मॅप कारचा वेळ दाखवतो, मोटरहोमला त्याच्या सव्वापट तरी धरा. दिवसाला १५० मैलांच्या वर गेलात की दोघांपैकी एकाचा अख्खा दिवस स्टिअरिंगवर जातो.

४. वेगळं लायसन्स लागतं का? भारतातलं चालेल का?

रेंटलच्या मोटरहोमला कमर्शियल लायसन्स लागत नाही, नेहमीचं कारचं पुरतं. भारतातून येणाऱ्यांनी मूळ लायसन्स आणि सोबत आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट असं दोन्ही आणावं, ते वर्षभर चालतं. नुसतं परमिट आणून उपयोग नाही, मूळ कार्ड हवंच. रेंटल कंपनीची वयाची आणि लायसन्सची अट बुकिंगच्या आधी लेखी विचारून घ्या. आणि दोघंही चालवणार असाल तर दोघांचीही नावं करारात हवीत. नाव नसलेल्याने चालवताना काही झालं तर इन्शुरन्सचा आधार उरत नाही.

५. एवढी मोठी गाडी कधी चालवली नाही, जमेल का?

जमतं. कार चालवणाऱ्याला दोन दिवसांत हात बसतो, फक्त काही गोष्टी पहिल्या तासात डोक्यात पक्क्या करा. गाडीची उंची, रुंदी, लांबी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून डॅशबोर्डला चिकटवा. पेट्रोल पंपाचं छत, झाडाची फांदी, ड्राइव्ह-थ्रूची कमान, छताला मार बसतो तो इथेच, आणि छताचं नुकसान बहुतेक रेंटल इन्शुरन्समध्ये धरलेलं नसतं. दुसरं, मागच्या चाकांच्या मागे गाडीचा बराच भाग बाहेर असतो, त्यामुळे उजवीकडे वळताना तो भाग डावीकडे बाहेर जातो. पंपावरून निघताना खांबाला घासतं ते यामुळेच, थोडं सरळ पुढे जाऊन मग वळा.

उतारावर ब्रेक दाबून ठेवायचा नाही. टो-हॉल मोड (चढ-उतारासाठीचं गिअरचं बटण) लावा किंवा गिअर खाली घ्या, इंजिनला गाडी धरू द्या, ब्रेक मधून मधून घट्ट दाबून सोडा. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि मग नेमका हवा तेव्हा धरत नाही. मागे गाड्यांची रांग लागली तर टर्नआउटला बाजूला व्हा, त्यात कमीपणा काही नाही. पेट्रोलबद्दल एक बारीक गोष्ट, युटात उंच भागात पंपावरचं साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं असतं, गाडीच्या मॅन्युअलमध्ये ८७ लिहिलं असेल तर पुढच्या नळीचं भरा.

६. रिव्हर्स घेताना आमचं नेहमी वाजतं. काही युक्ती आहे का?

हा प्रश्न बायका जास्त पाठवतात, आणि उत्तर नवऱ्यांनी वाचायला हवं. ओरडून सूचना द्यायच्याच नाहीत, इंजिन-जनरेटरच्या आवाजात "थांब" आणि "लांब" सारखंच ऐकू येतं. हातांच्या चारच खुणा निघायच्या आधी घरी ठरवा: ये, थांब, गाडीचा मागचा भाग माझ्या या हाताकडे आण, आणि अमुक इतकं अंतर राहिलंय. बाहेरच्या माणसाने ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात दिसेल असं उभं राहायचं. आरशात माणूस दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची, "असेल तिकडे कुठेतरी" म्हणून रेटायची नाही.

रिव्हर्स सुरू करण्यापूर्वी दोघांनी खाली उतरून जागेभोवती एक चक्कर मारा. विजेचा खांब कुठे, नळ कुठे, डोक्यावर फांदी किती खाली, शेकोटीची लोखंडी रिंग कुठे. एवढी मिनिटं दिलीत की निम्मे वाद होतच नाहीत. आणि कामं आलटून पालटून करा, जो बाहेर उभा राहिलाय त्यालाच कळतं की आतून किती कमी दिसतं, आणि उलटही.

७. भाड्याशिवाय खर्च कुठे कुठे लपलेला असतो?

पेट्रोल, मैल आणि जनरेटर. क्लास सी गाडी गॅलनला ८ ते १० मैल देते, म्हणजे लिटरला साडेतीन-चार किलोमीटर, त्यामुळे या चकरीला १५० गॅलनच्या आसपास धरा. रेंटलमध्ये रोजचे ठरावीक मैल असतात, वर प्रत्येक मैलाचे पैसे, तर ते आधीच जास्तीचे विकत घेतलेले परवडतात का बघा. जनरेटरचे तास मीटरवर मोजले जातात. भांडी-चादरींचा किट वेगळा. कॅम्पसाइटच्या भाड्यात पार्कची एंट्री नसते, ती वेगळी, ते पुढच्या प्रश्नात.

८. पार्क पास कुठला घ्यायचा? आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना वेगळा लागतो का?

१ जानेवारी २०२६ पासून नियम बदललेत, जुनी माहिती धरून जाऊ नका. अमेरिकेत राहणाऱ्यांना वार्षिक पास ८० डॉलर, बाहेरून येणाऱ्यांना २५० डॉलर. वार्षिक पास नसेल तर बाहेरून आलेल्या १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला ११ पार्कमध्ये नेहमीच्या एंट्रीवर माणशी १०० डॉलर जास्त पडतात, आणि या रूटवरचे झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅनियन तिन्ही त्या यादीत आहेत. म्हणजे दोघंच भारतातून येत असाल तर हिशोब करायचं कारणच नाही, २५० चा पास घ्या. इथे राहणाऱ्यांनी फोटो आयडी जवळ ठेवा. तुमच्या गाडीत पाहुणे असतील तर कुणाचा पास कुणाला चालतो ते पार्क सर्व्हिसच्या वेबसाइटवर त्या आठवड्यात वाचूनच निघा.

मॉन्युमेंट व्हॅली आणि पेजजवळचा अँटिलोप कॅनियन नवाहो नेशनच्या, म्हणजे नवाहो आदिवासींच्या स्वायत्त प्रदेशाच्या, जमिनीवर आहेत, तिथे हा पास चालत नाही, त्यांची फी वेगळी. अँटिलोपला तर नवाहो गाइडशिवाय आत जाताच येत नाही.

९. कॅम्पसाइट किती आधी बुक करावी लागते?

फेडरल कॅम्पग्राउंडची बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर होते आणि झायनचं वॉचमन सहा महिने आधी उघडतं, ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारच्या जागा उघडल्या उघडल्या जातात. म्हणून आधी ही एक जागा पकडा आणि बाकीचा प्लॅन तिच्याभोवती बसवा. ग्रँड कॅनियनच्या साउथ रिमवर मुख्य दोन पर्याय आहेत: मेदर कॅम्पग्राउंड, ज्युनिपर-पाइनच्या झाडीत, पण हुकअप म्हणजे साइटवर वीज-पाण्याची जोडणी नाही आणि गाडी ३० फुटांपर्यंतच, किंवा ट्रेलर व्हिलेज, पूर्ण हुकअप पण शेजाऱ्याला चिकटून. आम्हाला मेदर आवडतं, पहाटे एल्क (मोठी हरणं) अगदी साइटजवळून जातात. नाहीच मिळालं तर रोज सकाळी वेबसाइट बघत राहा, कॅन्सलेशन येतात, दोघांच्या लहान गाडीला जागा मिळून जाते.

१०. हुकअप नाही म्हणजे रात्री लाइट-हीटर बंद?

नाही. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा हे सगळं गाडीच्या बॅटरीवर चालतं आणि हीटरची आच, गरम पाणी, शेगडी प्रोपेनवर. बंद असतं ते मायक्रोवेव्ह, एसी आणि भिंतीतले प्लग. खरी अडचण हीटरच्या पंख्याची, तो रात्रभर फिरला की पहाटेपर्यंत बॅटरी खाली येते. रात्री १५-१६ डिग्रीवर लावून जाड रजई घ्या. दिवसा ड्रायव्हिंग झालं की बॅटरी परत भरते, एकाच जागी दोन-तीन रात्री राहणार असाल तर जनरेटर लावावा लागतो, आणि त्याचे तास प्रत्येक कॅम्पग्राउंडमध्ये ठरलेले असतात, पाटीवर लिहिलेलं असतं. मोबाइल, लॅपटॉप गाडी चालू असतानाच चार्ज करून घ्या. फ्रिजसाठी गाडी सपाट उभी हवी, प्रोपेनवर चालणारा फ्रिज कलंडलेल्या गाडीत नीट गार होत नाही, म्हणून चाकाखाली ठेवायचे प्लास्टिकचे ठोकळे सोबत असू द्या.

११. टॉयलेटची टाकी रिकामी करणं फार घाण काम आहे का?

किळस वाटण्यासारखं फारसं काही नाही, क्रम सांभाळला तर. टाक्या तीन: चांगल्या पाण्याची, ग्रे म्हणजे बेसिन-शॉवरची आणि ब्लॅक म्हणजे टॉयलेटची. डंप स्टेशनवर डिस्पोजेबल हातमोजे घाला, पाइप दोन्हीकडे घट्ट बसवा, आधी ब्लॅक सोडा, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. ब्लॅकचा व्हॉल्व्ह कॅम्पसाइटवर कधीही उघडा ठेवू नका, पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग तळाशी बसतो, मग मात्र काम घाणच होतं. रिकामी केल्यावर टाकीत थोडं पाणी आणि केमिकलची पुडी टाका. टॉयलेट पेपर आरव्हीचाच. डंप स्टेशनवरच्या "पिण्याचं नाही" लिहिलेल्या नळाने चांगल्या पाण्याची टाकी भरायची नाही, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

आंघोळीचं विचारणाऱ्यांना: ओलं व्हा, नळ बंद, साबण, नळ चालू. दोघांच्या दोन आंघोळी अशा आरामात होतात.

१२. रात्री कुठेही बाजूला लावून झोपलं तर चालतं का?

कुठेही नाही, पण पुष्कळ ठिकाणी चालतं. नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएमच्या (सरकारी जमिनी सांभाळणारं फेडरल खातं) जमिनीवर ठरवून दिलेल्या रस्त्यांच्या कडेला फुकट राहता येतं, साधारण १४ दिवसांची मर्यादा असते. नळ, टॉयलेट, कचरापेटी काहीही नसतं, जे आणलं ते परत न्यायचं. नॅशनल पार्कच्या आत पार्किंगमध्ये झोपणं बंद. नवाहो नेशनच्या जमिनीवर परवानगीशिवाय कुठेही मुक्काम नाही, आणि तिथे दारूलाही बंदी आहे, तेही ध्यानात असू द्या. कच्च्या रस्त्याची अट प्रश्न १७ मध्ये बघा, फुकटच्या बहुतेक जागा कच्च्या रस्त्यावरच असतात.

१३. ऑक्टोबरमध्ये पाइप गोठतात का?

ब्राइसला आणि बोल्डर माउंटनवर गोठू शकतात, मोआब-झायनला ऑक्टोबरमध्ये सहसा नाही. दर हजार फुटांना साधारण २ डिग्री सेल्सियस उतरतात, म्हणजे झायनला रात्री ७-८ डिग्री असेल तेव्हा ब्राइसला पारा शून्याला टेकलेला. पाणी गोठलं की ९ टक्क्यांच्या आसपास फुगतं, पाइपचा सांधा फुटायला तेवढं पुरतं. आणि ब्राइसचे ते सगळे नारिंगी सुळके याच कारणाने कोरले गेलेत, फटीत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, दिवसा वितळतं, वर्षातून १७० हून जास्त वेळा, आणि दगड हळूहळू सुटत जातो. दिवसा कडेवर उभं राहून ते बघितलं की रात्री नळाची नळी काढून ठेवायचा कंटाळा येत नाही.

करायचं एवढंच: झोपण्याआधी बाहेरची पाण्याची नळी काढून रिकामी करा आणि आतल्या टाकीचं पाणी वापरा, सिंकखालची कपाटाची दारं उघडी ठेवा म्हणजे हीटरची ऊब पाइपापर्यंत जाईल, हीटर पूर्ण बंद करू नका, आणि प्रोपेनची टाकी वर चढण्याआधी भरून घ्या.

१४. स्वयंपाक होतो का नीट? डाळ-भात शिजतो का?

होतो, आणि दोघांचं बाहेरच्या खाण्यापेक्षा बरंच चांगलं होतं. फक्त ८ हजार फुटांवर पाणी ९२ डिग्रीच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, राजमा-छोले तर विसराच. लहान प्रेशर कुकर घरूनच घ्या, शिट्ट्या एक-दोन जास्त. फोडणी देण्याआधी शेगडीवरचा पंखा लावा, छताची खिडकी उघडा, नाहीतर मिरचीच्या पहिल्या ठसक्याबरोबर स्मोक अलार्म कोकलायला लागतो आणि सगळं कॅम्पग्राउंड जागं. अलार्मची बॅटरी मात्र काढून ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर अजिबात नाही. शेगडी हीटर म्हणून वापरू नका, थंडी कितीही असो. हा जिवाचा प्रश्न आहे.

सामान मोठ्या गावात भरून घ्या, म्हणजे वेगास किंवा सीडर सिटी. एस्कलांटे, बोल्डर, टॉरी ही लहान गावं आहेत, रविवारी बरंच काही बंद असतं आणि ऑक्टोबर सरत आला की काही ठिकाणं सीझनपुरती बंदच होतात.

१५. एक जण चालवत असताना दुसरा मागे पलंगावर आडवा होऊ शकतो का?

नाही. बेल्ट असलेल्या सीटवर बसायचं, बेल्ट लावायचा. चहासुद्धा गाडी थांबवून.

१६. झायनच्या बोगद्यातून मोटरहोम जाते का? उलटसुलट ऐकलंय.

उलटसुलट ऐकायला येतं कारण नियम बदलला. झायन-माउंट कार्मेल बोगदा १९३० साली पूर्ण झाला, १.१ मैल लांब. पूर्वी मोठ्या गाडीसाठी १५ डॉलरचं परमिट घेतलं की समोरची वाहतूक थांबवून मधून जाऊ द्यायचे. ७ जून २०२६ पासून ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाड्यांना तो हायवेच बंद. क्लास सी जवळपास सगळ्याच यात अडकतात कारण रुंदीच ८ फुटांच्या वर असते. व्हॅन असेल तर मोजून बघा.

मग पूर्वेकडून, म्हणजे आपल्या रूटने साउथ रिमहून येताना, जेकब लेक-फ्रेडोनियावरून हायवे ३८९ आणि ५९ ने हरिकेनला या आणि तिथून हायवे ९ ने झायनच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेलला. वाट लांबची आहे पण रस्ता सोपा. आत झायन कॅनियनमध्ये सीझनभर शटलच चालते, खासगी गाड्या बंद, त्यामुळे गाडी साइटवर लावली की चाव्या ठेवून द्या.

१७. कुठल्या रस्त्यांवर मोटरहोम न्यायचीच नाही?

बहुतेक रेंटल करारांत कच्चे रस्ते मनाच असतात. मॉन्युमेंट व्हॅलीची १७ मैलांची कच्ची लूप आरव्हीला बंद आहे, नवाहो गाइडच्या जीपने जा, तसंही ते जास्त दाखवतात. हायवे २६१ वरचा मोकी डगवे, तीन मैलांत १,२०० फूट खाली उतरणारी कच्ची वळणं, विचारही करू नका, जीपीएस तिकडून नेतो म्हणून मुद्दाम सांगतोय. पॅरोवानकडून ब्रायन हेडला चढणारा १४३ नंबरचा रस्ता फार खडा आहे, सीडर ब्रेक्सला सीडर सिटीच्या हायवे १४ ने चढा.

हायवे १२ वर मात्र गाडी न्या. एस्कलांटे आणि बोल्डरच्या मध्ये हॉगबॅक म्हणून एक पट्टा आहे, रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो आणि दोन्हीकडे खोल. पक्का आहे, रुंदी पुरेशी आहे, सकाळी, वारा नसताना, सावकाश पार करा. उंचीची भीती असलेल्याने तेवढ्यापुरतं स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्यावं.

१८. फोनवरची वेळ सारखी बदलते, टूर चुकेल की काय?

चुकू शकते. युटात उन्हाळ्याची पुढे केलेली वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत चालते, ॲरिझोना घड्याळ बदलतच नाही, आणि ॲरिझोनाच्या आतलं नवाहो नेशन मात्र बदलतं. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये मॉन्युमेंट व्हॅली युटाच्या वेळेवर, पेज एक तास मागे, आणि मधल्या रस्त्यावर फोन कुठल्या टॉवरला चिकटेल त्याप्रमाणे उड्या मारतो. पेजजवळच्या अँटिलोप टूर ॲरिझोनाच्या वेळेने निघतात, तरी बुकिंग करताना विचारून घ्या. एक मनगटी घड्याळ घाला आणि ते हाताने लावा.

१९. रात्री ड्रायव्हिंग केलं तर? जनावरांची भीती?

अंधार पडायच्या आत साइटवर पोचा, हे आम्ही कधीच मोडत नाही. हायवे १२, ८९, कैबाबचं जंगल, सगळीकडे संध्याकाळी म्यूल डिअर रस्त्यावर येतात आणि या वजनाची गाडी पटकन थांबत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर एल्कचा माजावर येण्याचा काळ, नराची ती लांब शिटीसारखी हाक पहाटे ऐकू येते, ऐकायला जरूर उठा पण १०० फुटांच्या आत जाऊ नका, तेव्हा तो नेहमीसारखा शांत नसतो. अस्वलांच्या भागात खाण्याचं काहीही बाहेर टेबलावर सोडू नका.

फॉरेस्टमध्ये याच दिवसांत शिकारीचा सीझन असतो. नॅशनल फॉरेस्टच्या पायवाटांवर जाताना दोघांनीही भडक केशरी जॅकेट किंवा टोपी घाला. खाकी-तपकिरी नको.

२०. पाऊस, पूर, बर्फ यांचं काय?

या भागातला मान्सून सप्टेंबरअखेर संपतो, पण नंतरही एखादं वादळ येतं. अरुंद स्लॉट कॅनियनमध्ये पूर येतो तो मैलोन्मैल दूर पडलेल्या पावसाचा, डोक्यावर ऊन असतानाही, म्हणून त्या सकाळचा फ्लॅश फ्लड अंदाज व्हिजिटर सेंटरमध्ये विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. बर्फ ऑक्टोबरमध्ये ९-१० हजार फुटांवर पडू शकतो. अंदाज असेल तर तो दिवस खालीच काढा, रस्ता बहुधा एक-दोन दिवसांत मोकळा होतो. वाऱ्याची पंचाईत मात्र कुठेही, मोटरहोमची बाजू शिडासारखी असते. जोराचा वारा असेल तर वेग कमी करा, न जमल्यास थांबा, आणि कॅम्पवर असताना बाहेरची ताडपत्री गुंडाळल्याशिवाय झोपू नका.

२१. ॲस्पेनचं जंगल जवळून बघायला कुठे थांबायचं?

बोल्डर माउंटनवर हायवे १२ च्या कडेला थांबायला जागा आहेत, तिथे रंग आणि खाली पसरलेले कॅनियन एकाच वेळी दिसतात. पण एक दिवस जास्त असेल तर टॉरीहून लोआमार्गे फिश लेकला जा, तिथे फिशलेक नॅशनल फॉरेस्टमध्ये पँडो आहे. बघायला जंगल, पण मुळात ते एकच झाड. सुमारे १०६ एकरांवर ४७ हजारांच्या आसपास खोडं, सगळी एकाच मुळाच्या जाळ्यातून फुटलेली, वजन ६० लाख किलोंच्या घरात. हायवे २५ त्याच्या मधूनच जातो.

खाली उतरा आणि एका खोडाला हात लावा, तळव्याला पांढरी भुकटी लागते आणि तिच्याखाली साल हिरवट दिसते, कारण ॲस्पेनची सालही थोडा प्रकाश खाते. पानाचा देठ चपटा असतो, दोन बोटांत फिरवून बघा, म्हणून वाऱ्याची झुळूक नसल्यासारखी असली तरी सगळी पानं थरथरतात. एका मुळाची खोडं साधारण एकदमच पिवळी होतात, त्यामुळे समोरच्या डोंगरावर एक पट्टा पिवळाधमक आणि लागून दुसरा अजून हिरवा असं दिसलं की समजा, ही दोन वेगळी कुटुंबं आहेत. काही भागाला कुंपण आहे, हरणं आणि एल्क कोवळे कोंब खाऊन टाकतात म्हणून, तिथे फाटक उघडलंत तर बंद करा. सालीवर नावं कोरू नका, हृदयाचं चिन्ह तर नकोच, त्या जखमेतून रोग शिरतो.

२२. नॉर्थ रिम करायचा की नाही?

जंगल म्हणून तो भाग साउथ रिमपेक्षा कितीतरी देखणा. पण जुलै २०२५ च्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात तिथलं ग्रँड कॅनियन लॉज जळून गेलं आणि त्या सीझनमध्ये नॉर्थ रिम बराच काळ बंद राहिला. त्यामुळे त्यावर प्लॅन टेकवू नका, पार्कच्या वेबसाइटवर त्या वेळची स्थिती बघा आणि उघडा असेल तर जेकब लेकहून एक दिवस वाढवा.

२३. ऑक्टोबरमध्ये सरकारी शटडाऊन झाला तर पैसे बुडाले का?

शटडाऊन म्हणजे बजेट मंजूर न झाल्याने सरकारी कामकाज थांबणं. अमेरिकेचं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्यामुळे ही भीती फॉल ट्रिपलाच जास्त. २०२५ ला १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर शटडाऊन होता, तेव्हा पार्कचे रस्ते आणि पायवाटा बहुतेक उघड्या होत्या पण माणसं आणि सोयी कमी. अशा वेळी पाणी भरूनच आत जा, टाक्या बाहेरच रिकाम्या करा आणि एक-दोन मुक्काम खासगी आरव्ही पार्कमध्ये किंवा स्टेट पार्कमध्ये हलवता येतील असे ठेवा, युटाचे स्टेट पार्क राज्याचे आहेत, त्यांचा फेडरल बजेटशी संबंध नाही. मोआबजवळचा डेड हॉर्स पॉइंट त्यातलाच, आणि तिथे विजेचं हुकअपही मिळतं.

२४. गाडी परत करताना कशाचे पैसे कापतात?

भरलेल्या टाक्या, कमी पेट्रोल आणि आतली घाण. शेवटची रात्र डंप स्टेशन असलेल्या ठिकाणी काढा आणि सकाळी निघताना प्रश्न ११ प्रमाणे ब्लॅक-ग्रे रिकाम्या करा. पेट्रोल घेताना जेवढं होतं तेवढं भरा, प्रोपेनचं करारात काय लिहिलंय ते बघा. हळदीचे डाग टेबलावर राहिले असतील तर आदल्या रात्रीच पुसा. गाडी घेताना छत, कोपरे, काच, चाकं यांचा व्हिडिओ काढलेला असेल तर परत देताना त्याच क्रमाने दुसरा काढा आणि डिपॉझिट खात्यात येईपर्यंत दोन्ही डिलीट करू नका.